पट्टी टिकली

राणीसावरगावचा बन्सीधर फौजेत गेला तो इंजिनांच्या नादानं. घरी कोरडवाहू जमीन होती, तिचं सगळं थोरला भाऊ मुंजाजी बघायचा. बन्सीधरला मात्र औतामागं चालण्यापेक्षा विहिरीवरच्या डिझेल इंजिनाजवळ बसायला आवडायचं. गंगाखेडला एका फिटरच्या हाताखाली तो काम शिकला. पुढं भरती निघाली तेव्हा गेला आणि मेकॅनिक म्हणून घेतला गेला. लग्न झालं. बायको अनसूया गावातच सासूजवळ राहिली. तो रजेवर यायचा, कुणाकुणाची बंद पडलेली इंजिनं चालू करून द्यायचा आणि परत जायचा. अशी बरीच वर्षं गेली.

मग सत्त्याऐंशी साली त्याची बदली लडाखच्या उत्तर टोकाला, हिमनदीवर झाली.

बन्सीधरनं तोवर बर्फ पाहिला होता तो परभणीच्या बाजारात, भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेला. इथं पायाखाली तोच, समोर तोच, आणि पिण्याचं पाणीही तोच वितळवून. रॉकेलच्या शेगडीवर डबा ठेवायचा आणि वाट बघत बसायचं. रॉकेल, पीठ, औषधं, सगळं वरच्या चौक्यांवर पोचवायला स्नो स्कूटर होत्या. त्या चालू ठेवायचं काम बन्सीधरकडं आलं.

ही गाडी त्यानं कधी पाहिलीच नव्हती. पुढं फळ्यांसारखे दोन घसरते पाय, आणि मागं चाकांच्या जागी रबराचा रुंद पट्टा. इंजिन तो पट्टा गोल फिरवतं आणि गाडी पुढं जाते. पट्ट्याच्या पोटात दोन लांब दांड्या असतात, मागचं सगळं वजन त्यांच्यावर. प्रत्येक दांडीच्या खाली प्लॅस्टिकची एक पट्टी बसवलेली. फिरणारा पट्टा त्या पट्टीवरून घासत राहतो. फौजेत तिला स्लायडर म्हणत. बन्सीधर नुसतं पट्टी म्हणायचा.

या पट्ट्या फार लवकर झिजायच्या. का झिजतात ते समजून घेण्यात बन्सीधरचे पहिले काही आठवडे गेले. तिथं तेल किंवा ग्रीस लावून उपयोग नव्हता. सैल बर्फ फिरत्या पट्ट्यातून आत उडतो, पट्टीवर वितळतो, तेच तिचं वंगण. कडक, काचेसारख्या बर्फावर मात्र आत काहीच उडत नाही. पट्टी कोरडी पडते, तापते, मऊ होते, तिचा जळका वास येतो, आणि मग ती साबणासारखी उतरत जाते. ती संपली की दांडीच पट्ट्याला घासायला लागते आणि गाडी वाटेत बसते. नवीन पट्ट्या हेलिकॉप्टरनं यायच्या. हेलिकॉप्टर यायचं ते आभाळानं येऊ दिलं तर.

बन्सीधरनं झिजलेल्या पट्ट्या एका ओळीत मांडून पाहिल्या. बऱ्याच एकाच बाजूनं खाल्लेल्या होत्या, म्हणजे पट्टा सरळ चालत नव्हता. त्यानं सगळ्या गाड्यांचे पट्टे मध्यावर आणले. काही पट्टे फार ताणलेले होते, ते अंदाजानं सैल केले. फार सैल केला की पट्टा फिरवणाऱ्या चाकाचे दात पट्ट्यातून सुटतात, हे एकदा चुकून कळलं. मग एका कायमच्या बंद पडलेल्या गाडीच्या पट्ट्याआतली लहान रबरी चाकं काढून त्यानं चालत्या गाडीच्या दांड्यांना जोडली. पट्टीवरचं थोडं वजन त्या चाकांनी उचललं. ती पट्टी बाकीच्यांपेक्षा पुष्कळ टिकली. साहेबांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "सगळ्यांना असंच करा." पण तेवढी चाकं नव्हती.

उरलेलं काम चालवणाऱ्यांच्या हातात होतं. त्यांच्यात रंगनाथ होता. तो आला त्या दिवशी बन्सीधरनं सवयीनं विचारलं होतं, "कुठले तुम्ही?"

"तुमी?"

"परभणी जिल्हा."

"मग मी काय लंडनचा हाय का? पोखर्णी!" रंगनाथ एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेगडीजवळचा गढवाली जवान दचकला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी गावच्या बोलीतच बोलायला लागले. रंगनाथ वयानं लहान, लग्न व्हायचं होतं. तो गाडी वेगात घालायचा आणि पट्टी जाळून आणायचा. एकदा बन्सीधरनं त्याला बसवून सगळं समजावलं. "कडक बरफावर लय लांब चालवू नको. भेगा टाळायला रोवलेल्या झेंड्यांच्या आत राहून जिथं सैल बरफ दिसंल तिथं जरा घाल. पट्टी गार होती."

"म्हंजे बैलाला पानी दावल्यावानी."

"तसंच समज."

तेव्हापासून रंगनाथ परत आला की आधी सांगायचा, "बन्सीभाऊ, पानी पाजून आनलंय बरं का." आणि गाडी आडवी करून पट्टी दाखवायचा. त्याच्या गाडीची पट्टी आता सगळ्यांत कमी झिजत होती.

पुढच्या हिवाळ्यात रंगनाथला खोकला लागला. सुरुवातीला त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी त्याला उभं राहता येईना. श्वास घेतला की छातीत हुक्क्यासारखं वाजायचं, आणि थुंकीत तांबूस फेस होता. चौकीवरच्या औषधवाल्या जवानानं छातीला कान लावला आणि म्हणाला, फुप्फुसात पाणी भरलंय, लगेच खाली उतरवा. खालच्या तळावर डॉक्टर होते. वायरलेसवर हेलिकॉप्टर मागितलं, पण आभाळ खाली आलं होतं, उडणं शक्य नव्हतं. तेव्हा स्नो स्कूटरला मागं घसरगाडी बांधून न्यायचं ठरलं.

चाकं जोडलेली तीच गाडी बन्सीधरनं काढली. चालवायला गढवाली जवान बसला. घसरगाडीवर रंगनाथला झोपायच्या पिशवीत घालून बांधलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बन्सीधर मागं बसला. वाऱ्यानं सैल बर्फ उडवून नेला होता. वाटेत बहुतेक सगळीकडं नुसता निळा, कडक बर्फ होता.

निघाल्यावर थोड्या वेळानं रंगनाथनं डोळे उघडले. "बन्सीभाऊ," तो म्हणाला, "पट्टी टिकंल का?"

"टिकंल. तू बोलू नको."

रंगनाथनं मान हलवली.

त्यानंतर बन्सीधरचं सगळं ध्यान गाडीच्या आवाजाकडं लागलं. पट्टी कोरडी पडली की आवाज बदलतो, चरचरल्यासारखा होतो. तसा तो झाला की बन्सीधर हात उंच करायचा, गाडी थांबायची, तो उतरून खडकाच्या आडोशाला साचलेला भुसभुशीत बर्फ फावड्यानं आणून पट्ट्यात टाकायचा, हातानं आत ढकलायचा, आणि परत येऊन बसायचा. असं त्यानं वाटेत किती वेळा केलं ते त्याला सांगता आलं नसतं. जळका वास एकदाही आला नाही. गाडी कुठंही बसली नाही. दुपारी ते खालच्या तळावर पोचले.

डॉक्टर तंबूतून धावत आले. त्यांनी रंगनाथच्या गळ्यावर बोटं ठेवली, डोळे पाहिले, आणि हळूच म्हणाले, "हा गेलाय. बराच वेळ झालाय."

बन्सीधरनं खाली बघितलं. रंगनाथचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं.

लोकांनी रंगनाथला आत नेलं. गढवाली जवान एका पेटीवर बसून रडत होता. बन्सीधर उठला, त्यानं स्नो स्कूटर एका अंगावर आडवी केली, हातमोजे काढले आणि बोट पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पट्टी झिजली नव्हती म्हटलं तरी चाललं असतं. दुसरी पाहिली. तीही तशीच. मग तो तिथंच दांडीला हात लावून बसला. कुणीतरी येऊन त्याला उठवलं तेव्हा त्याचा हात धातूवरून सोडवावा लागला.

उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापावी लागली. बाकीची बोटं राहिली, पण त्यांना गरम-गार काही कळेनासं झालं. इस्पितळातून त्याला घरी पाठवून दिलं. फौजेतली नोकरी तिथंच संपली.

गावात पुष्कळ लोक भेटायला आले. सगळ्यांना बर्फाबद्दल ऐकायचं होतं.

"लय थंडी असंल न्हाई?"

"हो."

"अन् दुश्मन दिसतो का तिथनं?"

"न्हाई दिसत."

लोक थोडा वेळ बसून चहा पिऊन उठायचे. हळूहळू येणं कमी झालं. बन्सीधर सकाळी उठायचा, मुंजाजीबरोबर रानात जायचा, सांगितलेलं काम करायचा. कुणी इंजिन दुरुस्तीला बोलावलं तर जायचा. काम होऊन इंजिन धडधडायला लागलं की लोक खूश व्हायचे आणि तो हात पुसायचा. भाचीच्या लग्नात तो पंगतीत वाढत होता तसाच चुलत्याच्या मौतीला लाकडं रचत होता. अनसूयेनं एकदा बघितलं, त्यानं चुलीवरचं उकळतं पातेलं नुसत्या हातानं उतरवून ठेवलं होतं आणि बोटं लाल झाली होती तरी तो शांत उभा होता. तिनं पाण्यात हात बुडवला त्याचा.

"तुमाला काय होतंय?" तिनं विचारलं.

"काही न्हाई," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

अनसूयेनंच मग रंगनाथचा विषय काढला. "एकदा पोखर्णीला जाऊन या. त्येच्या माय-बापाला तुमाला बगू तरी द्या."

"बघून काय करतील?"

"ते त्यांचं ते ठरवतील की."

तो पुष्कळ दिवस गेला नाही. शेवटी एका सकाळी निघाला. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चामुळं त्या दिवशी गंगाखेडच्या पुढं बस जात नव्हती, म्हणून तो रेल्वेनं पोखर्णीला उतरला. रंगनाथचं घर देवळाच्या मागच्या आळीत होतं. बाप दत्तराव ओसरीवर दोरी वळत बसला होता. बन्सीधरनं नाव सांगितलं. दत्तरावनं दोरी खाली ठेवली आणि आत बघून हाक मारली, "चांगुणे, बन्सीभाऊ आलाय."

म्हणजे रंगनाथनं घरी त्याच्याबद्दल सांगितलेलं होतं.

चांगुणाबाई बाहेर आली. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, समोर बसली आणि सरळ विचारलं, "तुमी व्हता नव्हं संगं? शेवटाला काय म्हनला माझा रंगनाथ?"

वाटेत बन्सीधरनं या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. तुमची आठवण काढली, असं सांगायचं होतं. पण तोंडातून ते आलं नाही.

"गाडीचं इचारलं, माय. पट्टी टिकंल का म्हनला. मग कवा गेला ते मला कळलं न्हाई. माझ्याच मांडीवर व्हता. पण माझा कान पट्टीकडं व्हता."

मग दत्तराव म्हणाला, "पट्टी म्हंजे काय?"

बन्सीधरनं सांगितलं. ओसरीवरच्या धुळीत बोटानं पट्टा काढला, दांड्या काढल्या, त्याखाली पट्टी काढली. ती कशानं झिजते, सैल बर्फ आत गेला की कशी गार राहते, चाकं कुठं जोडली, रंगनाथ तिला पाणी पाजतो म्हणायचा ते, सगळं. घरी आल्यापासून तो एवढं बोलला नव्हता. दत्तराव पुढं वाकून बघत होता. एकदा त्यानं विचारलं, "अन् हे चाक हितं कामून न्हाई लावलं?" आणि बन्सीधरनं तेही समजावलं.

चांगुणाबाई इतका वेळ धुळीतल्या त्या रेघांकडं बघत होती.

"मग, टिकली का?" ती म्हणाली.

"टिकली, माय."

"बरं झालं."

ती उठून आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. दत्तराव म्हणाला, "जेवून जा." बन्सीधर जेवला. निघताना रडणं-बिडणं झालं नाही. चांगुणाबाईनं त्याचा तुटक्या बोटांचा हात हातात घेऊन बघितला आणि सोडला.

नंतर तो अधूनमधून पोखर्णीला जायला लागला. जायचा, दत्तरावबरोबर रानात एखादं काम करायचा, यायचा. चांगुणाबाई वारली तेव्हा खांदा द्यायला तो होता. दत्तरावला दुसरं मूलबाळ नव्हतं, एकटा माणूस, गुडघे गेलेले. राणीसावरगावची जमीन मुंजाजी आणि त्याची पोरं बघतच होती. तेव्हा एके दिवशी बन्सीधर अनसूयेला म्हणाला, "दत्तरावचं रान पडीक राहायलंय. आपुन तिकडं राहायचं का?"

अनसूयेनं त्याच्याकडं नीट बघितलं. पुष्कळ दिवसांनी त्यानं स्वतःहून काही विचारलं होतं. "राहू की," ती म्हणाली.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. मधे काही दिवस रस्ते बंद होते, ते उघडल्यावर दोघं टेम्पोत सामान घालून पोखर्णीला आली. मुंजाजी थोडा रागावला, पण सामान चढवायला तोच पुढं होता.

गावात कुजबूज झालीच. पाणी भरताना एका शेजारणीनं अनसूयेला विचारलं, "भरलं घर सोडून दुसऱ्याच्या दारात कामून आलात गं?"

"तिकडं त्येनला सगळे काय ना काय इचारायचे," अनसूया म्हणाली. "हितं हे अन् दत्तराव दोघं सकाळी रानात जातेत, सांजच्याला येतेत, जेवतेत, निजतेत."

"आपसात बोलतेत तरी का?"

"बोलतेत की. खताचं बोलतेत. परवा बांधावरच्या बाभळीवरून तर भांडले दोघं."

तिनं घागर डोक्यावर घेतली आणि शेजारणीला म्हणाली, चल, ऊन व्हायलंय.