स्टुलावरून नाच शिकवणाऱ्या अरुणा मॅडम

पहिल्या दिवशी अरुणा मॅडम काठी टेकत आल्या आणि चप्पल दाराबाहेर काढून शेडमध्ये शिरल्या. मालकानं यंत्रमाग विकून शेड रिकामी ठेवली होती. आधी मी तिथंच चादरी विणायचो, आता वॉचमन झालो होतो. मी म्हटलं, "मॅडम, हितं देव न्हाय." त्यांनी लक्ष दिलं नाही. अनवाणी सगळीकडं फिरल्या, काठीनं फरशी ठोकून बघितली आणि म्हणाल्या, "मामा, असल्या फरशीनंच माझे गुडघे खाल्ले. पोरींचे खाऊ द्यायचे न्हाईत."

मग त्यांनी शेड भाड्यानं घेतली, फरशीवर रबर अंथरून त्यावर लाकडी पट्ट्यांची दुसरी जमीन केली. बॅले शिकवणार म्हणाल्या. माझी शाळा चौथीपर्यंत. नाच म्हणजे वरातीतला, एवढंच मला ठाऊक. पायाच्या बोटांवर उभ्या राहणाऱ्या पोरी बघून मी विचारलं, "ह्याचा उपेग काय?"

"तुमी चादरीवर मोर विणत होता की. मोर नसता तर जास्त थंडी वाजली असती व्हय?"

मी दारातल्या पोरींच्या चपला ओळीनं लावायला गेलो.

मॅडम इथल्याच, तेलुगू विणकराच्या घरच्या. मुंबईला, मग परदेशात शिकल्या, नाचल्या आणि गुडघे गेल्यावर गावी परतल्या. लोखंडी स्टुलावर बसून शिकवायच्या. पायांनी करायचं ते हातांनी दाखवायच्या. तळहात वळला की पोरींनी पाय वळवायचा. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आमची मुलगी पुढच्या रांगेत का नाही?" मॅडम म्हणाल्या, "पुढं जागा न्हाय ताई. मागं लई हाय."

मला संशयच होता, या बाईला स्वतःला नाचता येतं का. घरी तसं बोललो. माझी बायको कमल माझ्याहून चौकस. डबा द्यायला यायची ती क्लास सुटेपर्यंत दारात बसायची. "मला मॅडमना एकदा नाचताना बघायचंय," म्हणायची. मी निरोप दिला तर मॅडम हसल्या. "मामीला सांगा, दुकान बंद झालंय."

आता कमल नाही. यंदा मॅडमही गेल्या. शेडमध्ये त्यांचीच एक विद्यार्थिनी शिकवते. उभ्यानं शिकवते, कारण तिचे गुडघे धड आहेत. बाकीच्या पोरी कुठं कुठं शिकवतात, मला नीट सांगता येत नाही. मला आठवते ती आमच्या घरातली एक दुपार.

दवाखान्यानं कमलला घरी न्यायला सांगितलं होतं. अन्न सुटलं होतं, पण नाचाचं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. परत निरोप धाडला. मॅडम आमच्या पायऱ्या बसत बसत चढल्या. खाटेजवळ टेकल्या, फोनवर बाजा लावला आणि कमलच्या पांघरुणावर दोन्ही हात नाचवायला लागल्या. शेडमध्ये दाखवायच्या तेवढंच नाही, अख्खा नाच. हात उडायचे, गिरकी घ्यायचे, अलगद उतरायचे. त्या घामाघूम झाल्या. माझा संशय तिथंच मेला.

कमल टक लावून बघत होती. जरा वेळानं चादरीखाली तिचे पाय हलायला लागले. मॅडमनी हात थांबवले.

"मामी, अंगठा ढिला सोडायचा न्हाय. ताणा."

मला राग आला. "अहो, आजारी माणूस हाय ते."

कमलनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अंगठा ताणत म्हणाली, "तुमी गप बसा की. मला शिकवायल्यात."