आत्याचा गोबरगॅस आणि गोठलेली जमीन

आत्या आज पहाटे गेली. मी पोचणार नाही.

इथून पौडला यायला दोन दिवस लागतात. दादाला फोनवर सांगितलं, माझ्यासाठी थांबू नका.

ओळख नसलेल्यांसाठी: शकू आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. सासर मुळशीत, पौडच्या पुढच्या गावात.

मी पार उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात काम करते. तिथली जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे, परमाफ्रॉस्ट म्हणतात तिला. ती आता वितळते आहे. तिच्यातून किती गॅस बाहेर पडतो, हे मोजणं माझं काम.

आमच्या घरात हे काम फक्त आत्याला कळलं. तिच्या गोबरगॅसमुळे.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आत्या नवी सून. चुलीच्या धुराने सासूला दम लागायचा. भाकऱ्या अर्ध्यावर टाकून त्या ओसरीवर येऊन बसायच्या. आत्याने हट्ट धरला आणि परसात गोबरगॅस बांधून घेतला. विटांचा खोल खड्डा, त्यावर पालथी लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर उचलली जाते.

सासरे मनापासून राजी नव्हते. भाताचं रोप टाकण्याआधी तिकडे राब भाजतात. वाफ्यावर शेण आणि पाला पसरून जाळायचा. ते शेण आता खड्ड्यात चाललं होतं.

दिवाळीपर्यंत शेगडी उत्तम चालली.

थंडी पडली आणि टाकी खाली बसली.

सासरे म्हणाले, "संक्रांतीपातुर बघतो. न्हाई पेटली तर खड्डा बुजवणार. राब काय तुज्या शेगडीवर भाजू?"

सासू परत चुलीपुढे जाऊन बसल्या. खोकला परत सुरू झाला.

म्हशीचं दूध कमी झालं की जे करतात, ते आत्याने केलं. खुराक वाढवला. शेजारच्या गोठ्यातलं शेण मागून आणलं, विहिरीच्या गार पाण्यात कालवलं आणि रोज दुप्पट ओतलं.

गॅस आणखी कमी झाला. खड्ड्याला आंबूस वास यायला लागला.

कारण साधं आहे. शेणापासून मिथेन करणारे जीवाणू थंडीत मंदावतात. त्यात जास्त शेण गेलं की आम्ल साठतं आणि ते आणखी मंदावतात.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "शकू, पोट फुगलंय तुज्या म्हशीचं. वाईच ओवा दे तिला!"

"तवा लई राग आला," आत्या सांगायची. "पर म्हनलं, थंडीत म्हशीवर आपन गोनपाट टाकतो. आंबोन कोमट देतो. हिला का न्हाई?"

तिने शेण घालणं थांबवलं. टाकीभोवती भाताचा पेंढा रचला, वर गोणपाट टाकले. वास गेल्यावर थोडं थोडं शेण घालायला लागली, दिवसभर उन्हात ठेवलेल्या पाण्यात कालवून.

सासरे भडकले. "जनावरांच्या तोंडचा पेंढा टाकीला?"

"उनाळ्यात परत देते, मामंजी."

"टाकीनं खाऊन उरला तर दे!"

संक्रांत तोंडावर आली तेव्हा टाकी बोटभर उचललेली दिसली. त्या दिवशी सासूने एकदाही न उठता सगळ्या भाकऱ्या केल्या.

सासरे म्हणाले, "च्या टाक." खड्डा बुजवायचा विषय परत निघाला नाही.

चैत्रात उलटं झालं. ऊन तापलं. टाकी पूर्ण वर आली तरी गॅस थांबेना, कडेने बुडबुडे फुटायला लागले. परसात वास.

"अगं बंद कर की ते!"

"शेगडीची चावी बंद करता येती, मामंजी. खड्ड्याची न्हाई."

माझं काम एवढंच आहे. फक्त खड्डा फार मोठा आहे. गोठलेल्या मातीत जुन्या झाडाझुडपांचे अवशेष पडून आहेत. माती वितळली की जीवाणू कामाला लागतात. कोरड्या जागी कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणथळ जागी मिथेनही. जमीन खचते, झाडं कलतात, कालच्या जंगलात आज तळं असतं. बाहेर पडलेला गॅस हवा आणखी तापवतो आणि मग आणखी माती वितळते.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिला एक तळं दाखवलं. बुडबुडे येत होते.

"अगं बाय, वाया चाललाय की समदा! शेगडी लावा."

"आत्या, इथे टाकी नाही."

"मग बसवा. येवढं शिकून काय करता तितं?"

"मुलुखभर पसरलंय हे. एवढी टाकी कोण बसवणार?"

तिने चेहरा फोनच्या आणखी जवळ आणला.

"समदं इतळलंय का?"

"नाही. बरंचसं अजून गोठलेलं आहे. हवा जेवढी कमी तापेल, तेवढं ते तसंच राहील."

"म्हंजी अजून येळ हाय."

"आहे. फार नाही."

"फार कुनी मागितलाय? आमाला तरी कुटं हुता? संक्रांतीपातुरच दिला हुता."

मग तिने जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

आज संध्याकाळी तिला नेतील. मुळशीत असाल तर जाऊन या.

आत्या, इथूनच नमस्कार करते. शांतपणे जा.