रिलीव्हर येईपर्यंत

कावीळ झाली म्हणून मला हॉस्टेलवरून घरी पाठवलं, तेव्हा अर्जाची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते. डॉक्टरांनीही तीन आठवडेच झोपून राहायला सांगितलं होतं. म्हणजे मी बरी होऊन उठणार, त्या सुमारास मुदत संपलेली असणार.

घर म्हणजे बोईसरजवळ कुंभवलीतल्या चाळीतल्या दोन खोल्या. वडील एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीवर, ऑपरेटर आहेत. माझ्या जन्माआधी ते आणि आई सांगलीकडून इथे आले. वारा कारखान्यांकडून यायला लागला की खिडकी लावायची, हे आमच्या चाळीत लहान मुलांनाही सांगावं लागत नाही. माझी खाट त्या खिडकीखालीच होती. मऊ भात, उसाचा रस, पुन्हा मऊ भात. दिवसातून चार वेळा मी मोबाइल आरशासारखा धरून डोळ्यांचा पिवळेपणा बघत असे, आणि चाळीस वेळा मेल बघत असे.

त्या अर्जाबद्दल आधी सांगायला हवं. मी कर्करोगावर पीएचडी करते. आमच्यासारख्यांना शेवटच्या वर्षात एक भीती असते, ती बाहेर कोणाला फारशी माहीत नसते. प्रबंध जमा केला की विद्यावेतन थांबतं, आणि पुढचं संशोधनाचं काम मिळायला किती महिने लागतील हे कोणी सांगू शकत नाही. ज्यांच्या घरी ते महिने निभावतात ते थांबतात. बाकीचे मिळेल ते धरतात. माझी एक सीनिअर आता बोईसरलाच एका औषध कंपनीत गोळ्यांचे नमुने तपासते. त्यात कमीपणा काही नाही. पण फुप्फुसाच्या गाठींवर तिने पाच वर्षं काढली होती, आणि त्या कामाच्या कुप्या अजून आमच्या फ्रीजरमध्ये तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावून पडलेल्या आहेत.

मी जिच्यासाठी अर्ज करत होते ती शिष्यवृत्ती नेमकी त्या फटीसाठी होती. पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात ती सुरू होते आणि पुढे काही वर्षं संशोधनासाठी चालू राहते. अट एवढीच, की पुढचं काम दुसऱ्या प्रयोगशाळेत करायचं. त्यासाठी मार्गदर्शकाचं पत्र हवं होतं: ही मुलगी अमुक तारखेपर्यंत प्रबंध देईल आणि त्यानंतर इथून मोकळी होईल. तारीख लिहिलेली हवी होती. पत्र नसेल तर अर्ज पुढेच सरकत नव्हता.

माझे मार्गदर्शक, सर, वाईट नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवते. मला इंग्रजी नीट बोलता येत नव्हतं तेव्हा सेमिनारमध्ये ते माझ्यासाठी थांबायचे. पण पत्राचा विषय काढला की म्हणायचे, "अगं, आधी बरी तर हो. पत्र काय, दोन मिनिटांचं काम." मग लगेच विचारायचे, "चौदा नंबरचं काय करायचं? परत मेल्या सगळ्या."

चौदा नंबर म्हणजे चौदावा रुग्ण. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा आमच्याकडे येतो. तो गोठवून ठेवायचा आणि त्यातल्या थोड्या थोड्या पेशी एका जेलमध्ये वाढवायच्या, म्हणजे त्यांचे बारीक गोळे तयार होतात आणि त्यांच्यावर औषधं तपासता येतात. ते जेल थंड असेपर्यंतच पातळ राहतं, हाताच्या उबेनेही घट्ट होतं. आमच्या प्रयोगशाळेत हे काम फक्त मला जमायचं. दुसरं कोणी केलं की आठवड्यात सगळं मरायचं. "तू गेलीस तर माझी लॅब बंद पडेल," असं सर पाहुण्यांसमोर हसत म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोन करून आईला सांगितलं होतं.

आता तेच वाक्य मला खाटेवर आडवं पडून वेगळं ऐकू येत होतं.

माझ्या आजारपणात ते काम ज्युनिअर मुलीकडे आलं होतं. तीही घरातली पहिलीच शिकणारी, वाडा तालुक्यातली. ती रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायची आणि पेट्री डिश कॅमेऱ्यासमोर धरायची.

"ताई, बघा ना, हे जिवंत आहेत का?"

"जवळ धर. अजून जवळ. नाही गं."

"मी सगळं वहीत लिहिलंय तसंच केलं हो."

मी दुसरंच काही विचारायचे. कारण वहीत सगळं नव्हतं, हे मला माहीत होतं.

असाच एक कॉल चालू असताना शेजारच्या काकू आत आल्या. काकू मूळच्या कुंभवलीच्या, त्यांची भातशेती अजून आहे. त्यांच्या हातात काविळीची माळ होती. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ही माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरते तशी माळ लांब होत खाली येते, असं सगळे मानतात.

"फोन ठेव आदी," काकू म्हणाल्या. "एवडी डॉक्टरीन झाली, नि कावील उतरवता येत नाय तुला?"

"काकू, मी तसली डॉक्टर नाही."

"मंग कसली? धा वर्सं झाली, तुजा शिक्षान संपला की नाय?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "संपंल आता. मग म्हनं त्याच्या फुडं आनि हाय."

"त्याच्या पुढं शिकायचं नसतं आई, काम असतं."

"मग नोकरी का म्हनत न्हाईत त्याला?"

काकूंनी माळ माझ्या डोक्यावर बसवली आणि ओढणीने झाकायला निघालेला माझा हात बाजूला केला. पडद्यावर ज्युनिअर तोंडावर हात ठेवून हसत होती. "ताई, आमच्याकडे पण देतात ही," ती म्हणाली. माळ सुकली की दोरा सैल होतो, एवढं शास्त्र मला येत होतं. तरी तीन दिवस मी ती काढली नाही.

पंधरा दिवस झाले. सरांचा मेल आला नव्हता. मी दोनदा आठवण केली होती. तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आणि पुसलं. घरात फिरायला जागा नव्हती. अंगात ताकद नव्हती. खिडकी बंद होती.

वडिलांची त्या दिवशी पहिली पाळी होती. साडेतीनपर्यंत घरी यायला हवे होते. पाच वाजले, सहा वाजले. आईने विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे याची सवय आहे. रिअ‍ॅक्टर चालू असताना ऑपरेटरला पाळी संपली म्हणून निघता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, रिलीव्हर, यायला हवा. त्याला चार्ज द्यायचा, कुठला व्हॉल्व्ह कसा आहे, तापमान किती, पुढे काय घालायचं हे सांगायचं, त्याने सही करायची, मग गेट. रिलीव्हर आला नाही तर तिथेच थांबायचं. आणि वडिलांच्या रिअ‍ॅक्टरवर रिलीव्हर आला तरी ते पुष्कळदा थांबतात. तो एक व्हॉल्व्ह आहे, तो कधी अडकतो आणि कुठे हलकेच ठोकला की सुटतो, हे त्यांनाच कळतं. दुसऱ्याला कळत नाही, कारण वडिलांनी सांगितलेलं नाही.

ही लबाडी नव्हे. ते वीस वर्षं ठेकेदाराकडे आहेत. ठेका बदलला की माणसं बदलतात. ज्याच्याशिवाय अडतं तो राहतो. त्यांच्या बरोबरीचे सगळेच थोडं काही स्वतःपाशी ठेवतात, आणि कोणी कोणाला विचारत नाही. मी पीएचडीला निघाले तेव्हा बोईसर स्टेशनवर वडिलांनी मला सल्ला दिला होता. त्यांनी आयुष्यात मला दिलेला तो एकच सल्ला असेल. "सगळं सांगायचं नसतं. थोडं आपल्या हातात ठिवायचं. म्हंजे कोन काडत न्हाई."

मी तो पाळला होता. माझ्या वहीत पायऱ्या होत्या, प्रमाणं होती. पण पिपेटचं टोक कात्रीने कापून रुंद करायचं, म्हणजे गोळे फुटत नाहीत, हे नव्हतं. जेल घातल्यावर डिश उलटी करून ठेवायची, हे नव्हतं. पहिले दोन दिवस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचासुद्धा मोह टाळायचा, आणि रुग्णाला आधी औषध दिलेलं असेल तर पेशी दुप्पट घ्यायच्या, हेही नव्हतं. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला म्हणत आले. कोणी विचारलं नाही. चांगली मुलं आपापलं शिकतात असं सर्वांना वाटत होतं, आणि मला ते वाटू देणं सोयीचं होतं.

वडील सात वाजता आले. बादलीतल्या पाण्याने हात धुतले. नखांच्या कडेचा निळा रंग धुऊन जात नाही, तो राहिला. चहा घेऊन माझ्या खाटेच्या कडेला बसले.

"आज पन आला न्हाई त्यो?" आईने विचारलं.

"आलता. व्हॉल्व अडकला."

मी विचारलं, "आप्पा, तुम्ही त्याला दाखवून का देत नाही?"

"दाकवलं तर?" ते हसले. "मग मला कोन विचारनार?"

"आजी गेली तेव्हा तुम्हाला निघता आलं नव्हतं."

हे मी बोलायला नको होतं. वडिलांनी कप खाली ठेवला. आजीच्या वेळी बॅच मध्यावर होती. ते गावी पोहोचले तेव्हा राखही सावडून झाली होती.

ते नखाच्या कडेचा रंग खरवडत बसले. मग म्हणाले, "तुजं पत्र आलं का?"

"नाही."

"का देईनात?"

मी पहिल्यांदाच घरात नीट सांगितलं. चौदा नंबर, जेल, डिश, वहीत काय नाही ते. सांगताना मला वाटलं ते रागावतील, किंवा त्यांना कळणार नाही. त्यांना लगेच कळलं.

"म्हंजे तुला रिलीव्हर न्हाई," ते म्हणाले.

"हो."

"आनि तूच तयार केला न्हाईस."

मी मान हलवली.

"नोकरी टिकली माजी," ते म्हणाले. "पर मी पन तितंच टिकलो." मग उठले, कप घेऊन आत गेले. एवढंच. माझं चुकलं असं ते म्हणाले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशीला टेकून लिहायला बसले. पाच पानं झाली. कात्री कुठली वापरायची इथपासून. सगळं मोबाइलवर टाइप केलं. प्रत्येक ओळीनंतर वाटायचं, एवढी एक राहू दे. पेशी दुप्पट घेण्याची ओळ मी दोनदा खोडली. ती शेवटी घातली आणि ज्युनिअरला व सरांना एकाच मेलने पाठवून दिली, म्हणजे परत घेता येऊ नये.

सरांचा फोन संध्याकाळी आला.

"हे तू आधी का लिहिलं नव्हतंस?"

मी बरीच उत्तरं तयार ठेवली होती. तोंडातून आलं ते असं: "सर, मला वाटलं मग माझी गरज उरणार नाही."

मग ते म्हणाले, "हं." आणि थोड्या वेळाने, "चौदा नंबर जगला तर बघू."

म्हणजे आता माझी सुटका एका अनोळखी रुग्णाच्या पेशींवर आणि वाड्याकडच्या एका मुलीच्या हातांवर होती. त्या आठवड्यात मी तिला रोज बघत होते. बर्फावर हात गारठतात म्हणून ती मधेमधे ते काखेत धरायची. मी ओरडायचे, "ऊब नको, ऊब नको!" आई दचकून बाहेर यायची. दोन दिवस डिशकडे बघायचं नाही असं मी लिहिलं होतं, आणि ते आम्हा दोघींनाही कठीण गेलं. तिसऱ्या दिवशी तिने कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला लावला. थोडा वेळ नुसतं धूसर दिसलं. मग बारीक गोल कडा दिसल्या, पावसाच्या डबक्यातल्या बेडकांच्या अंड्यांसारख्या.

"ताई, हे..."

"हो," मी म्हणाले. "जिवंत आहेत."

पत्र मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी आलं. त्यात तारीख होती, पुढच्या वर्षातली. आणि एक वाक्य होतं, की उमेदवाराने आपलं काम पूर्णपणे सोपवलेलं असून तिच्या जाण्याने प्रयोगशाळेचं काम अडणार नाही. मला हेच हवं होतं. तरी ते वाक्य मी तीनदा वाचलं. मी पत्र अर्जाला जोडलं, बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आता माझ्या हातात काहीच ठेवलेलं नव्हतं.

निकाल अजून लागलेला नाही. मी पुन्हा प्रयोगशाळेत आहे, डोळे पांढरे झालेत. वडिलांचा व्हॉल्व्ह अजून अडकतो. त्यांनी तो कोणाला दाखवला का, हे मी विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ज्युनिअरने मला कोपऱ्यात बोलावलं. सोळा नंबरचे गोळे तिने वाढवले होते, माझ्या गोळ्यांपेक्षा मोठे आणि भरदार.

"काय केलंस?"

तिने दाराकडे बघितलं. "ताई, जेल घालायच्या आधी मी डिश थोडी गरम करून घेते. म्हणजे घातलं की लगेच बसतं. तुमच्या पाच पानांत नाहीये ते." मग हळू आवाजात, "सरांना नका सांगू एवढ्यात."

मी वही तिच्यापुढे सरकवली आणि पेन उघडून वर ठेवलं. ती पेनाकडे बघत राहिली. तिला किती वेळ लागेल ते मला माहीत होतं, म्हणून मी तिथेच थांबले.