जागृतीचे समोरचे दोन दात

"काढायचेच आहेत, तुम्ही फक्त एकदा नजर टाका," असं म्हणत सरांनी एक्स-रे माझ्या हातात कोंबला. खुर्चीत जागृती बसली होती, वय वीस. वरचे समोरचे दोन दात खाली उतरले होते आणि बोटाने ढकलले की डुलत होते. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार होतं. म्हणजे माझ्या नजरेला किती किंमत होती ते कळलंच.

क्लिनिक भिवंडीतलं, मालक सर. मी हिरड्यांची आणि दातांभोवतीच्या हाडाची डॉक्टर, अधूनमधून व्हिजिटला जायचे. सरांचा हातखंडा एकच, दात काढा आणि ब्रिज बसवा. ब्रिज म्हणजे शेजारचे धडधाकट दात तासायचे आणि त्यांच्या आधाराने मधे खोटे टांगायचे. मुलीचे वडील काशिनाथशेठ जवळच्याच वडपे गावचे. त्या वर्षांत वडप्याला भातशेतांवर गोदामं उभी राहत होती. शेठचंही एक उभं राहिलं होतं, आणि तेव्हापासून जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री झाली होती.

"पायोरिया," सर म्हणाले.

मी तोंड नीट बघितलं. हिरड्या गुलाबी, कुठे रक्त नाही, कीटण नाही. तरुण वयात हाड खाणारा एक आजार असतो, पण तो दाढांनाही धरतो. हिच्या दाढा पक्क्या होत्या. पायोरिया म्हणे! तो काय दोनच दात निवडतो आणि बाकीच्यांना नमस्कार करून जातो?

लोकांना वाटतं, जबड्याचं हाड म्हणजे भिंत आणि दात म्हणजे तिच्यात ठोकलेला खिळा. तसं काही नसतं. दात ज्या खोबणीत बसतो ते हाड दाताबरोबरच घडतं आणि दातासाठीच जगतं. त्याचा मोठा भाग कॅल्शियमचे क्षार, बाकी चिवट तंतू आणि पाणी. बाहेरून घट्ट पत्रा, मधे जाळीदार, आणि आत मुळाच्या बाजूला पातळ भोकाभोकांचा थर. तो एक्स-रेत पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. त्या थरापासून मुळापर्यंत बारीक तंतू असतात, दात त्यांच्यावर झोळीसारखा तोललेला असतो. आणि हे हाड कधी स्वस्थ बसत नाही. काही पेशी ते खातात, काही नवं घालतात. दाब मर्यादेत असेल तर दोघींचं जमतं. मर्यादा सुटली की खाणाऱ्यांचं राज्य.

जागृतीच्या एक्स-रेत पांढरी रेघ सगळीकडे शाबूत होती. फक्त त्या दोन मुळांभोवती चमच्याने कोरून काढल्यासारखं खोल काळं.

"या दातांना काही लावलं होतं का?" मी विचारलं.

जागृतीने बापाकडे पाहिलं. बाप पंख्याकडे बघत म्हणाला, "काय न्हाय म्याडम. काय लावनार?"

मी प्रोब घेतला. प्रोब म्हणजे हिरडीची खोली मोजायची बोथट सळी. तळाला ती हाडाला टेकली की टणक लागतं. इथे सळी टेकली आणि उसळून परत आली. तिथे हाड नव्हतं, रबर होतं.

भरलेलं इंजेक्शन माझ्याच कामी आलं. भूल देऊन हिरडी उचलली, तर मुळांभोवती एक काळी कडी घट्ट बसलेली. ती कापून काढली. तिच्या वर दुसरी. आणखी आत तिसरी! सर माझ्या खांद्यावरून बघत होते. "अरे बापरे," म्हणाले. पायोरियाचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही.

मी ट्रे शेठच्या नाकाखाली धरला. "हे काय आहे?"

"सायकलच्या वालट्यूबचं रबर," शेठ म्हणाले. वर छाती काढून! "हिच्या दातांत फट व्हती. पोराकडची मानसं बघायला यायची व्हती. फट असली का घरात लक्ष्मी टिकत न्हाय, बोलतात ना. मग मीच ब्लेडने कड्या कापल्या. रात्री लावायची, सकाळी बघतो तर गायब. आमी समजलो, गिळली पोरीनी. परत लावली."

"गिळली नाही, शेठ. वर सरकली. मूळ गाजरासारखं निमुळतं असतं. रबर घसरत हिरडीत गेलं आणि तंतू कापत, हाड खात बसलं."

"पन फट गेली ना! साखरपुडा झाला!"

काय बोलायचं या माणसाला? गोदामाचा एक खांब हलला असता तर मुंबईहून इंजिनीयर आणला असता. पोरीच्या तोंडाला मात्र सायकलवाल्याचं रबर.

मी सांगितलं, दात काढायची गरज नाही. खड्डा खोल आहे, पण बाजूच्या भिंती शाबूत आहेत. मुळाला चिकटलेले तंतू अजून जिवंत आहेत, नवं हाड घालणाऱ्या पेशी त्यांच्यातच असतात. मागून तार चिकटवून दात स्थिर केले की हाड परत भरू शकतं, निदान बरंचसं. दात काढले तर मात्र ते हाड कायमचं झिजत जाईल, कारण ज्याच्यासाठी ते होतं तोच गेला.

"पण दात आपल्या जागेवर परत जायला हवेत," मी म्हणाले. "म्हणजे फट परत येणार."

शेठ ताडकन उठले. "मग काढाच ते! ब्रिज बसवा. लग्नात फट दिसली तर मना तोंड दाखवायला जागा राहाची न्हाय."

"पेशंटची इच्छा असेल तर..." आमचे सर लगेच विरघळले.

मला संताप आला. "पेशंट खुर्चीत आहे, सर. तिला विचारा."

जागृतीच्या तोंडात बोळा होता. तिने तो काढला, हात पुसले, बापाच्या खिशातून मोबाईल घेतला आणि पोराकडच्यांना फोन लावला. भुलीने ओठ जड झालेला, तरी एकेक शब्द दाबून बोलली. "मी जागृती बोलतंय. माझ्या दातांत फट होती. बाबांनी ती लपवली. आता परत पडणार हाय. चालत असेल तर बघा. दात मी काढणार न्हाय."

तिकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. तिने फोन बापाच्या हातात दिला आणि खुर्चीत मागे रेलून तोंड उघडलं. मी हलते दात हलकेच मूळ जागी सारले आणि तार चिकटवायला घेतली.

लग्न मोडलं. शेठने त्याचं खापर माझ्यावर फोडलं आणि सरांनी मला व्हिजिटला बोलावणं हळूहळू बंद केलं. जागृती मात्र माझ्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये येत राहिली, एकटी. पुढे तिला दुसरं स्थळ आलं, लग्नही झालं. वर्षभराने काढलेल्या एक्स-रेत खड्डा बराच भरला होता आणि दोन्ही मुळांच्या कडेने पुसट पांढरी रेघ उमटू लागली होती. दात घट्ट होते. फट होती तशी आली होती, आणि ती मनसोक्त हसत होती.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. बाकी तोंड ठणठणीत आणि समोरचे दोनच दात हलत असले, तर एक्स-रेच्या आधी विचारते, "घरात कोणी फार हुशार माणूस आहे का?"