चंद्रावरचा फुफाटा

आमच्या दाजींइतका घाईत असलेला माणूस अख्ख्या अहमदपूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांना कुठंच पोचायचं नसतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानात गादी आहे, गादीवर लोड आहे, आणि दोन्ही काल आणल्यासारखे कोरे आहेत, कारण दाजी त्यांवर टेकतच नाहीत. चहा उभ्यानं, हिशेब उभ्यानं, भांडणही उभ्यानंच. सकाळची लिंगपूजा तेवढी बसून होते, पण अक्का सांगते, तेव्हाही त्यांचा एक कान रस्त्याकडे असतो. रस्त्यात कुणी ‘शरणार्थ’ म्हणालं तर त्याला उलट ‘शरणार्थ’ ऐकू येतं ते पुढच्या चौकातून. गिऱ्हाईक घागर बघायला आलं की हे त्यालाच दटावतात, “एवढी मोठी कामून घेता? भरल्यावर उचलणार कोण?” त्यामुळे मोठ्या घागरी वरच्या फळीवर बसून म्हाताऱ्या होतात.

कान रस्त्याकडे असतो तो बोअरच्या गाडीसाठी. गावात कुठंही बोअर पाडायला गाडी आली, तिची घरघर कानावर आली, की दाजींनी शटर अर्धं ओढलंच. कुणाच्या का दारात असेना, हे तिथं सगळ्यात पुढं उभे. जमिनीतून फुफाटा उडतो, लोक तोंडाला रुमाल लावून मागं सरतात, दाजी पुढं होऊन तो मुठीत धरतात, वास घेतात आणि जाहीर करतात, “लागतंय.” त्यांनी ‘लागतंय’ म्हटलेल्या जागी पाणी लागल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण निराश होणं त्यांच्या अंगात नाही. लोह्याला एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी ते मांडवातून गायब झाले. शेजारच्या गल्लीत बोअर चालू होता. परत आले ते नखशिखांत पांढरे होऊन. त्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागं चुन्यानं रंगवलेला एक माणूस हसतोय, ते आमचे दाजी.

या वेडाचं मूळ अक्काच्या सोयरिकीत आहे. बघण्याच्या बैठकीत आमच्या आबांनी मुलाकडच्यांना ना शेत विचारलं, ना दुकान. एवढंच विचारलं, “दारात पाणी हाय का?” अंगणात बोअर होता आणि त्याला पाणी होतं. वडीलधारे काही बोलायच्या आत नवरदेवच मध्ये बोलले, “मामा, तुमच्या लेकीच्या डोक्यावर घागर येऊ देणार न्हाई.” आबा खूष झाले. पुढं काही वर्षांनी त्या बोअरमधून पाण्याऐवजी हवा यायला लागली. दुसरा घेतला, तो फेल गेला. आता गल्लीत टँकर येतो. टँकर आला की दाजी दुकान सोडून धावतात आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर घागर घेऊन घराकडं फेऱ्या मारतात. शेजारचा कापडवाला ओरडतो, “काय शेठ, माल टेस्ट करून राहिले का?” दाजी हसत नाहीत. आबांना दिलेला शब्द आपण मोडला, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट बसलंय की आबा जाऊन इतकी वर्षं झाली तरी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोसमोरून जाताना हे मान खाली घालतात.

आता चंद्राचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी. एस्सी., फिजिक्स. हे मी सांगायची संधी सोडत नाही, कुणाला खटकलं तर खटको. लातूरला मी मुलांना शिकवते, आणि दाजी मला मास्तरीणबाई म्हणतात; बाजारात मात्र ‘आमची मेहुणी शास्त्रज्ञ हाय’ अशी ओळख करून देतात. एकदा पोहे खाताना मी सहज सांगितलं, की शास्त्रज्ञांनी पाणी शोधायला चंद्रावर मुद्दाम यान आदळवलं होतं.

दाजींचा चमचा थांबला. “मुद्दाम?”

“हो. आदळलं की धूळ उडते. त्या धुळीत पाणी आहे का, ते तपासायचं.”

“म्हणजे फुफाटा बघायचा.”

“तसंच म्हणा.”

“मग?”

“पाण्याच्या खुणा मिळाल्या. गोठलेलं आहे.”

दाजींनी उभ्याउभ्याच ताटली खाली ठेवली. “मिळणारच की. चंद्र कुठं हाय? महादेवाच्या जटेत. आन गंगा कुठं हाय? तिथंच. एवढ्या शेजारी राहून कोरडा कसा राहील तो?”

संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी पक्की झाली, की चंद्रावर बोअर घेतला आणि त्याला पाणी लागलं. औशाहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं विचारलं, “किती फुटांवर लागलं म्हणं?” दाजी म्हणाले, “वरच लागलं.” आणि रात्रीच्या जेवणाला त्यांनी अक्काला सांगून टाकलं, “चंद्रावर लागतंय आन आपल्या अंगणात लागत न्हाई, हे काय पटंना मला. तिसरा घेऊ.”

अक्का म्हणाली, “दोन भोकं हायत की अंगणात. आणखी एक पाडून काय चाळणी करता का?”

पण गाडी आली. रविवार होता, मी मुद्दाम गेले होते. दाजींनी नारळ फोडला, बेल वाहिला आणि गाडीवाल्याला म्हणाले, “दमानं नको. आदळू द्या चांगलं.” दुपारभर फुफाटा उडत राहिला. तुळस पांढरी, वाळत घातलेली लुगडी पांढरी, अक्काच्या भुवयाही पांढऱ्या. मध्येच एकदा फुफाट्याचा रंग गडद झाला, ढेकळं वर आली. दाजींनी मूठभर उचललं आणि ते तळहातावर चिकटलं. “लागतंय,” ते म्हणाले, पण या खेपेला इतक्या हळू, की मलाच ऐकू आलं. थोड्या वेळानं पुन्हा कोरडं. गाडीवाल्यानं यंत्र थांबवलं. “खाली गेलं तरी खडकच हाय, शेठ. सांगा तुमी.”

दाजी अक्काकडं बघायला तयार नव्हते. तळहातावरचा चिखल वाळत चालला होता, तोच बघत म्हणाले, “मामांना शब्द दिला व्हता.”

“काय दिला व्हता?” अक्कानं विचारलं.

“तुला ठाऊक न्हाई व्हय?”

“मी दाराआडच बसले व्हते. माझ्या डोक्यावर घागर येऊ देणार न्हाई म्हणला व्हता तुमी. पाणी काढून देतो असं कुठं म्हणला व्हता?” तिनं पदरानं त्यांचा हात पुसला. “लगीन झाल्यापासून एक तरी घागर आली का माझ्या डोक्यावर? आपल्या खांद्याला इचारा.”

दाजींनी गाडीवाल्याला हातानंच ‘बास’ अशी खूण केली.

तिसऱ्या भोकावर आता फरशी आहे. दाजी अजूनही बोअर बघायला धावतात, पण ‘लागतंय’ म्हणायचं मात्र त्यांनी सोडलंय. गर्दीत नुसते उभे असतात. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलाय, हे मला परवा पहिल्यांदा दिसलं. दिवेलागणीला आम्ही गच्चीवर होतो. वर अर्धा चंद्र आला होता. दाजी कठड्याला रेलून त्याच्याकडं बघत होते.

“मास्तरीणबाई, त्या यानाचं काय झालं पुढं?”

“कोणत्या?”

“ते आदळवलं ते.”

“फुटलं असेल, दाजी. त्याचं काम तेवढंच होतं.”

“पाण्याचं समदे सांगत्यात,” ते म्हणाले. “त्याचं कुणी सांगंना.”

मी म्हटलं, “तिथंच असेल पडलेलं.”

“असंल,” दाजी म्हणाले, आणि बराच वेळ ते गच्चीवरून खाली उतरले नाहीत.