लिंडाचं प्लास्टिकचं पिस्तूल

सोनेगाव विमानतळावर आईनं तिळाच्या लाडवांचा डबा माझ्या पर्समध्ये कोंबला आणि बाबा म्हणाले, "शेजार धरून राहा गं." दोन हजार एक साली छोट्या इराला कडेवर घेऊन, नवऱ्याच्या नोकरीमागे मी नागपूरहून अमेरिकेत बेलव्ह्यूला आले. शेजार म्हणजे लिंडा. शाळेची बस चालवून रिटायर झालेली, एकटीच राहणारी. मला ड्रायव्हिंग तिनंच शिकवलं. पुढे मी जॉब घेतला, तेव्हा शाळा सुटली की इरा तिच्याकडेच असायची.

एका संध्याकाळी इरा म्हणाली, "आई, लिंडामावशी हॅज अ रिअल गन! पण प्लास्टिकची आहे."

मी तशीच चपला अडकवून लिंडाच्या दारात. तिनं शांतपणे ड्रॉवर उघडला, गोळ्या काढून पिस्तूल माझ्या हातात दिलं. नळी आणि वरचा भाग पोलादी, बाकी सांगाडा प्लास्टिकचा.

"जुनं लोखंडी आता मला पेलत नाही," ती म्हणाली.

"हे इरालाही पेलेल, लिंडा. निदान कुलपात ठेव."

"माझ्या घरात काय कुठे ठेवायचं, ते मी ठरवते."

आठवडाभर इराला डे-केअरमध्ये ठेवलं. घरी आली की ती लिंडाच्या खिडकीकडे बघत बसायची. मीही. शनिवारी लिंडानंच हाक मारली. बेडरूमच्या भिंतीत स्टीलची पेटी बसवलेली, किल्ली तिच्या गळ्यात.

"कायद्यानं सांगितलं असतं तर मुळीच केलं नसतं. तू सांगितलंस म्हणून केलं."

"आणि ज्यांना सांगायला शेजारीण नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठीच कायदा हवा ना!"

"बास! चल, तुझा आल्याचा चहा पाज."

तेव्हापासून आमचं भांडण चालूच आहे. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या, हा सरकारी नियम संपला, तेव्हा ती खुशीत ॲपल पाय घेऊन आली. मी तो खाल्ला आणि तासभर वाद घातला.

गेल्या वर्षी नागपूरला जेवताना काका म्हणाले, "तिकडचे ते बंदूकवाले सगळे माथेफिरू!" माझा घास हातातच राहिला. एकटी बाई, पोलीस यायला लागणारा वेळ, आपल्या घरातला आपला हक्क... लिंडाचे सगळे मुद्दे मी तिच्याहून जोरात मांडले. नवरा बघतच राहिला. इरा हसून हसून गडबडा लोळली.

मत माझं बदललेलं नाही, कायदा हवाच. पण लिंडाशी भांडायचं तर मी भांडेन, काकांनी का? माझं घर आता दोन ठिकाणी आहे, आणि दोन्हीकडे हक्कानं भांडायला माणसं आहेत.