कणसाचं बूच

नव्वद साली लग्न होऊन नाशकात आले, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या गल्लीत एकच नळ, तोही बिनतोटीचा. पाणी भरलं की ज्याने त्याने तो बुजवायचा. सासूबाई त्याला गुडदी लावणं म्हणत, शेजारीण बोळा, मी बूच. माझं चिंधीचं बूच रोज निसटून मलाच भिजवायचं.

समोरच्या बांधकामावर पेठ तालुक्याकडची एक बाई कामाला होती. दाणे काढलेल्या कणसाचा तुकडा ती नळात तळहाताने असा फिरवायची की थेंब गळत नसे. सासूबाई दारातून कौतुकाने बघत. माझा नुसता जळफळाट!

"ताई, रागानं कोंबलं तर नाय बसत," एकदा ती म्हणाली.

बांधकाम संपलं, ती गेली. मग मीही कणीस आणलं, हळूच फिरवलं. गळती थांबली.

सासूबाई दारात आल्या. नळाकडे बघत म्हणाल्या, "ती आली वाटतं परत?"